बदलापूर वेस्टचा टू बीएचके: ४५ लाख सांगितला, ३४ ची ऑफर आली, शेवटी ३९ ला गेला

पार्श्वभूमी

हे प्रकरण ओळखीच्या एका कुटुंबाचं आहे. नावं बदलली आहेत, बिल्डिंग ओळखू येणार नाही असं बघितलंय, रकमा थोड्या राउंड केल्यात, बाकी घडलं तसंच. मी सोसायट्यांच्या कागदपत्रांची कामं करतो म्हणून यात पहिल्यापासून होतो.

काका रिटायर्ड, काकू घरी, मुलगा अमोल ऐरोलीला आयटीत, सून स्नेहा ठाण्याला नोकरी करते. २०११ ला बदलापूर वेस्टला नदीच्या अंगाला तिसऱ्या मजल्यावर टू बीएचके घेतला, तेव्हा साधारण १८ लाखाला. स्टिल्ट पार्किंग (खाली नुसते खांब आणि गाड्या), वर चार मजले, लिफ्ट आहे. अॅग्रीमेंटवर एरिया ८५० स्क्वेअर फूट सेलेबल, म्हणजे भिंती, जिना वगैरे धरून बिल्डर विकतो तो, आतून टेप लावून मोजला तर कार्पेट, म्हणजे खरी वापरायची जागा, ५६० च्या आसपास. स्टेशनला चालत वीसेक मिनिटं, नाहीतर शेअर रिक्षा. २०२४ च्या मध्यावर स्नेहाला दिवस गेले आणि घरात विषय निघाला की आता डोंबिवलीला शिफ्ट होऊ, दोघांचा रोजचा प्रवास तरी कमी होईल, आणि काकूंच्या माहेरची माणसं पण तिकडेच आहेत.

बदलापूरचं गणित बाहेरच्यांना पटकन कळत नाही म्हणून सांगतो. सीएसएमटीपासून लोकलने दीड तासाच्या आसपास. कल्याणच्या पुढे कर्जतकडे जायला दोनच रुळ, त्यावरूनच लोकल, मेल, मालगाड्या सगळं, म्हणजे एक गाडी रखडली की मागचं सगळं रखडतं. पण बदलापूरहून सुटणाऱ्या लोकल आहेत आणि सकाळी बसायला सीट मिळते ही इथल्या घराची खरी जमेची बाजू आहे. अंबरनाथची माणसं सीटसाठी उलटी डाऊन करून, म्हणजे मुंबईच्या विरुद्ध दिशेची गाडी धरून, बदलापूरला येतात, यावरून समजा. डोंबिवलीला स्टेशन जवळ, फास्ट गाड्या थांबतात, पण सकाळी गाडीत शिरायचं कसं हा रोजचा प्रश्न. तरीही डोंबिवली ईस्टला स्टेशनजवळच्या जुन्या बिल्डिंगमधला वन बीएचके बदलापूरच्या टू बीएचकेपेक्षा महागच.

नेमका प्रश्न

काकांनी भाव काढला ४५ लाख. तो कुठून आला? शेजारच्या नव्या टॉवरचा रेट गुणिले ८५०, आणि त्यावर येणाऱ्या प्रोजेक्टची आशा. वडोदरा–मुंबई एक्स्प्रेसवेचा जेएनपीटी बंदराकडे जाणारा रस्ता बदलापूरजवळून जातोय, कल्याण–बदलापूर तिसरी-चौथी रेल्वे लाइन एमयूटीपी ३ए या मुंबई लोकलच्या योजनेत २०१९ लाच मंजूर झाली, कांजूरमार्ग–बदलापूर मेट्रो १४ ची चर्चा. एजंट पण हेच सांगत होता आणि सांगणार, लिस्टिंग मिळवायची असते त्याला.

पहिलं गिऱ्हाईक लवकर आलं, नवरा-बायको दोघं नोकरीवाले, ४२ ला ठरलं, ५१ हजार टोकन घेतलं. आणि मग बँकेच्या लीगलने ओसी मागितली, म्हणजे भोगवटा प्रमाणपत्र, बांधकाम परवानगीप्रमाणे झालंय आणि राहायला हरकत नाही असा पालिकेचा कागद. तो काकांकडे नव्हता, सोसायटीकडे पण नव्हता, बिल्डरने २०१२ ला चाव्या दिल्या, सोसायटी रजिस्टर करून दिली आणि त्यानंतर तो फोन उचलेना. कन्व्हेयन्स झालेलं नाही, म्हणजे जमीन अजून कागदावर जुन्या मालकाच्या नावावर. बँकेने फाइल परत केली. मग ते गिऱ्हाईक एका हाउसिंग फायनान्स कंपनीकडे गेलं, त्यांच्या टेक्निकलवाल्याने व्हॅल्यूएशन काढलं ३४ लाख.

इथे जरा थांबतो कारण सगळं प्रकरण इथेच आहे. ३४ च्या ८० टक्के म्हणजे कर्ज मिळणार २७ लाख २० हजार. घर ४२ चं. वरचे जवळपास १५ लाख गिऱ्हाइकाने खिशातून घालायचे, शिवाय स्टॅम्प ड्युटी आणि रजिस्ट्रेशन वेगळं, आणि त्यांच्याकडे होते सगळे मिळून दहाएक लाख. रिझर्व्ह बँकेच्या नियमात ३० लाखांपर्यंतच्या कर्जाला ९० टक्क्यांपर्यंत आणि त्यावर ७५ लाखांपर्यंतच्या कर्जाला ८० टक्क्यांपर्यंत द्यायची मुभा आहे, पण ती वरची मर्यादा आहे, जुना रिसेल आणि कागद अर्धवट असले की देणारा हात आखडतो. व्याजदर पण जास्त सांगितला. गिऱ्हाईक म्हणालं काका आम्हाला घर आवडलंय पण ३६ च्या वर आमच्याने होणार नाही. टोकन परत केलं. पंधरा दिवसांत एक इन्व्हेस्टर आला, म्हणाला ३४ देतो, सगळे चेकने, कर्ज नाही, उद्या रजिस्ट्रेशन.

म्हणजे तेच घर, त्याच भिंती, आणि ४५, ४२, ३६, ३४ असे चार आकडे. काकांना वाटलं लोक अडवणूक करतायत. माझं मत तेव्हाही हेच होतं आणि आजही आहे की आपल्या या पट्ट्यात, अंबरनाथ बदलापूर काय किंवा विरार नालासोपारा काय, घर घेणारा जवळपास प्रत्येक माणूस कर्ज काढून घेतो, त्यामुळे बँक ज्या आकड्यावर कर्ज देईल तोच घराचा भाव. हायवे मेट्रो सगळं त्याच्या नंतर.

भाव कशाकशाने खाली ओढला गेला

ओसी ही पहिली गोष्ट. दुसरी पाणी, आणि दोन्ही अर्थांनी.

उल्हास नदीचं पाणी २००५ च्या २६ जुलैला आलं, २०१९ च्या जुलैत आलं (तेव्हाच महालक्ष्मी एक्स्प्रेस बदलापूर–वांगणीच्या मध्ये पाण्यात अडकली होती, हजारभर प्रवासी बोटीतून काढले, ते सगळ्यांनी टीव्हीवर बघितलंय) आणि २०२१ ला परत. या बिल्डिंगच्या स्टिल्टमध्ये २०१९ ला गाड्या बुडाल्या, मीटर बॉक्स खाली होता तो गेला, दोन-तीन दिवस लाइट नाही आणि लिफ्ट बंद. तिसऱ्या मजल्यावर पाणी येत नाही हो, पण पाण्यातून उतरून औषध आणायला कोण जाणार? घर बघायला येणारा प्रत्येक माणूस पहिलं हेच विचारायचा. जलसंपदा खात्याच्या पूररेषा असतात, निळी म्हणजे साधारण २५ वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची, लाल म्हणजे १०० वर्षांतून एकदा येणाऱ्या पुराची. निळीच्या आत नव्या बांधकामाला जवळपास बंदीच, दोन्हींच्या मधल्या पट्ट्यात जोतं उंच ठेवण्यासारख्या अटी. ही बिल्डिंग मधल्या पट्ट्यात निघाली. आज राहायला त्याने काही अडत नाही पण उद्या रिडेव्हलपमेंटचा विषय आला की हिशोब याच रेषेवरून सुरू होणार, आणि शहाणं गिऱ्हाईक ते आजच धरतं.

प्यायच्या पाण्याचं म्हणाल तर मार्चनंतर टँकर लागायचे, ते मेंटेनन्सच्या हिशोबात दिसतं आणि गिऱ्हाईक मेंटेनन्सची पावती मागतंच.

गंमत बघा, रेडी रेकनरला यातलं काही दिसत नाही. तो सरकारने ठरवलेला झोनचा रेट, ओसी आहे का, स्टिल्टमध्ये पाणी येतं का याच्याशी त्याला देणंघेणं नाही, बिल्डिंग जुनी झाली की घसारा तेवढा मिळतो. पण स्टॅम्प ड्युटी किमान त्याच्यावर लागते, आणि रेकनरचा आकडा विक्रीच्या रकमेपेक्षा १० टक्क्यांहून जास्त निघाला तर इन्कम टॅक्सवाले विकणाऱ्याच्या हिशोबात रेकनरचाच आकडा धरतात. ३४ ला विकलं असतं तर काका त्या सीमेच्या अगदी जवळ जात होते, हे त्या इन्व्हेस्टरने अर्थातच सांगितलं नाही.

पर्याय काय होते

घरात बरेच दिवस चर्चा चालली, मी पण दोनदा-तीनदा जाऊन बसलो.

पहिला, ३४ ला देऊन मोकळं व्हायचं. स्नेहाची तारीख जवळ येत होती, काकू याच बाजूच्या होत्या, त्यांचं म्हणणं पैसा येतो जातो पण बाळंतपणात रोज लोकलचा धक्का नको. हे म्हणणं चुकीचं अजिबात नव्हतं.

दुसरा, भाड्याने देऊन स्वतः डोंबिवलीला भाड्याने जायचं आणि प्रोजेक्ट होईपर्यंत थांबायचं. अमोलला हा आवडलेला. पण बदलापूरला भाडं मिळणार १० हजार, वर्षाचे १ लाख २० हजार, म्हणजे ४० लाखांच्या घरावर ३ टक्के आणि त्यातून मेंटेनन्स, टॅक्स, रंगकाम. डोंबिवलीत त्याच पैशात काही मिळत नाही. आणि प्रोजेक्टची वाट बघायची म्हणजे किती? अमोलला ज्याचा सगळ्यात जास्त उपयोग झाला असता तो ऐरोली–कळवा उन्नत मार्ग, कल्याणकडून येणाऱ्याला ठाण्याला न उतरता थेट ऐरोलीला जाता यावं म्हणून, त्यातलं दिघा गाव स्टेशन २०२४ च्या जानेवारीत सुरू झालं पण पुढची जोडणी बाकीच होती. मंजुरीपासून गाडी धावेपर्यंत मूल शाळेत जायला लागतं, हे आपण सगळ्यांनी बघितलंय. शिवाय जाहीर झालेला प्रोजेक्ट विकणारे सगळेच भावात आधीच धरून बसलेले असतात, मग थांबून वेगळं काय मिळणार.

तिसरा, कागद नीट करायचे आणि मग विकायचं. वेळ लागणार, सोसायटीची साथ लागणार, यश येईलच असं नाही.

ठरलं ते मिश्र. स्नेहा आणि अमोल तात्पुरते डोंबिवलीला भाड्याच्या वन आरकेमध्ये, काका-काकू बदलापूरलाच, आणि कागदांसाठी सहा-आठ महिने द्यायचे, तेवढ्यात नाही झालं तर मिळेल त्या भावाला विकायचं. मुदत घालून घेतली हे फार बरं केलं, नाहीतर असली कामं वर्षानुवर्षं चालतात आणि माणूस ना इकडचा ना तिकडचा.

काय केलं

पहिलं काम माहितीच्या अधिकारात अर्ज. १० रुपयांचा अर्ज, पालिकेच्या नगररचना विभागाकडे, सर्व्हे नंबर टाकून मागितलं की या भूखंडावरच्या बांधकाम परवानगीची, मंजूर नकाशाची आणि दिलेल्या कुठल्याही भोगवटा प्रमाणपत्राची नक्कल द्या. तीस दिवसांची मुदत असते. उत्तर आलं तेव्हा काकांचा विश्वास बसेना. भाग भोगवटा प्रमाणपत्र होतं! २०१२ चं, स्टिल्ट अधिक तीन मजल्यांसाठी. बिल्डरने ते कधी सोसायटीला दिलंच नाही आणि का नाही दिलं ते पण लगेच कळलं, कारण मंजूर नकाशात चौथा मजलाच नव्हता.

काकांचा फ्लॅट तिसऱ्यावर. म्हणजे त्यांचं घर कायद्याने भोगवटा मिळालेलं, आणि बरोबर डोक्यावरचं घर परवानगीशिवायचं.

आता विचार करा, सोसायटीत सोळा फ्लॅट, त्यातले चार चौथ्या मजल्यावर, त्यांनी पण पैसे मोजलेत, रजिस्टर्ड अॅग्रीमेंट आहे, स्टॅम्प ड्युटी भरलीये, दर वर्षी घरपट्टी भरतात. बाहेर कळलं तर त्यांच्या घराला गिऱ्हाईक मिळणार नाही. सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे निघालं तेव्हा चौथ्या मजल्यावरच्या एक ताई रडल्या, एक जण काकांवर धावून आले की तुम्हाला कोणी सांगितलं होतं उकरायला. काही जणांचं म्हणणं, हा कागद फाइलला लावू नका, ज्याला विकायचंय त्याने गुपचूप बँकेला दाखवावा. मला विचारलं तेव्हा मी स्पष्ट सांगितलं की हे चुकीचं आहे, उद्या यांच्यापैकी कोणी न सांगता घर विकलं तर घेणारा पण आपल्यासारखाच कोणीतरी नोकरदार असणार, आणि लपवलेली गोष्ट पालिकेच्या रेकॉर्डला आहेच, कोणीही १० रुपयांत काढेल. काका त्या दिवशी कमालीचे शांत राहिले. ते म्हणाले, माझं काम झालं म्हणून मी सुटलो असं करणार नाही, चौथ्या मजल्याच्या फाइलचा खर्च सगळ्यांनी वाटून घेऊ, माझा हिस्सा मी विकायच्या आधी भरून जातो.

तसा ठराव झाला. राज्यात २०२० च्या डिसेंबरपासून युनिफाइड डीसीपीआर ही बांधकामाची नियमावली लागू आहे, त्यात प्रीमियम भरून जादा एफएसआय, म्हणजे त्याच भूखंडावर जास्त बांधकामाची परवानगी, मिळायची सोय आहे, म्हणून आर्किटेक्टचं मत पडलं की चौथा मजला प्रीमियम आणि दंड भरून नियमित व्हायची शक्यता आहे, पूररेषेची आणि फायरची बाजू तपासून. सोसायटीने आर्किटेक्ट नेमला, फाइल सुरू केली. जोडीने मानीव अभिहस्तांतरणाचा, म्हणजे डीम्ड कन्व्हेयन्सचा (बिल्डर किंवा मालक येत नसला तरी जमीन सोसायटीच्या नावावर करून घ्यायचा) अर्ज जिल्हा उपनिबंधकांकडे टाकला.

पुराचं पण थोडं केलं आणि ते फार महागात पडलं नाही. मीटर बॉक्स पहिल्या मजल्याच्या लँडिंगला उचलून घेतला, पंपाचा स्टार्टर वर घेतला, गेटला उंबरा बांधला. याने भाव वाढला असं मी म्हणणार नाही, पण बघायला येणाऱ्याला "२०१९ ला पाणी आलं होतं, त्यानंतर आम्ही हे हे केलं" असं समोर उभं राहून सांगता येतं आणि माणूस ऐकून घेतो. पाणी आलंच नव्हतं असं सांगणाऱ्यावर इथे कोणी विश्वास ठेवत नाही.

निकाल

२०२५ च्या सुरुवातीला काकांनी परत घर बाजारात काढलं, या वेळी भाव ४१ सांगितला आणि पहिल्याच भेटीत सगळी फाइल टेबलावर: भाग भोगवटा, मंजूर नकाशा, २०११ चं अॅग्रीमेंट आणि इंडेक्स टू (सौद्याच्या नोंदणीचा उतारा), शेअर सर्टिफिकेट, सोसायटीची एनओसी, चौथ्या मजल्याचा ठराव सुद्धा. पहिल्या बँकेने वरच्या मजल्याकडे बोट दाखवून नाहीच म्हटलं. दुसऱ्या एका सरकारी बँकेच्या लीगलने मंजूर नकाशात हा फ्लॅट आहे ना एवढं बघून पुढे नेलं, व्हॅल्यूएशन आलं ३९ लाख ५० हजार. सौदा ३९ ला झाला. ८० टक्के म्हणजे ३१ लाख २० हजार कर्ज, घेणाऱ्याने खिशातून ८ लाखांच्या आत घालायचे आणि वर स्टॅम्प ड्युटी. हे त्यांना जमत होतं. त्यात त्या वर्षी फेब्रुवारी ते जून रेपो रेट, म्हणजे रिझर्व्ह बँक बँकांना ज्या दराने पैसे देते तो, साडेसहावरून साडेपाचवर आला, वीस वर्षांच्या कर्जाला साडेआठच्या जागी साडेसात टक्के लागले तर एवढ्या रकमेवर हप्ता महिन्याला १९०० च्या आसपास कमी बसतो, त्याचा पण हातभार लागला.

घेणारा माणूस अंबरनाथच्या एमआयडीसीत कामाला आहे, बाइकने जातो, लोकलशी त्याचा संबंध महिन्यातून एकदा. ज्या प्रवासापायी अमोल घर सोडत होता तो प्रवास या माणसाला नाहीच, उलट त्याच्या दृष्टीने टू बीएचके, शाळा जवळ, भाजी स्वस्त. एजंट मुंबईला जाणारं गिऱ्हाईक शोधत बसला होता, आणि घराला खरा भाव देणारा माणूस दहा किलोमीटरच्या आत काम करणारा निघाला.

डोंबिवलीत घेताना मात्र सगळं या चष्म्यातून बघितलं गेलं. ४४ लाखात नवा टू बीएचके दाखवत होते, स्टेशनपासून लांब, रेरा नंबर, म्हणजे प्रोजेक्टची सरकारी नोंदणी, पण होता. कल्याण-डोंबिवलीतल्या त्या ६५ बिल्डिंगांचं आठवत असेल, बनावट परवानग्यांवर रेरा नोंदणी घेतलेल्या, हायकोर्टाने २०२४ च्या नोव्हेंबरात पाडायचा आदेश दिला. रेरा नंबर दिसला म्हणजे झालं असं धरून लोकांनी आयुष्याची कमाई घातली होती तिथे, वाचताना पोटात कालवतं. काकांनी त्या ४४ वाल्याची परवानगी पालिकेत जाऊन पडताळायची म्हटल्यावर समोरचा टाळाटाळ करायला लागला, तिथेच विषय सोडला. शेवटी ईस्टला स्टेशनपासून दहा मिनिटांवर चार मजली जुन्या बिल्डिंगमध्ये दुसऱ्या मजल्यावर वन बीएचके घेतला ५२ ला. लिफ्ट नाही. पण ओसी आहे, कन्व्हेयन्स झालेलं आहे, पाणी रोज येतं. स्टॅम्प ड्युटी वगैरे धरून ५६ पर्यंत गेलं, जुनं थोडं कर्ज फेडून ३९ मधले ३५ हातात आले, ५ साठवलेले, बाकी १६ लाखांचं कर्ज अमोल-स्नेहाच्या नावावर. भांडवली नफा इन्कम टॅक्सच्या कलम ५४ खाली नव्या घरात गेल्यामुळे टॅक्स बसला नाही.

वेगळं काय करता आलं असतं

टोकन घ्यायच्या आधी फाइल पूर्ण बघायला हवी होती. पहिल्या गिऱ्हाइकाचे महिना-दीड महिना गेले, लीगलची फी गेली, आणि "त्या घराचं लोन रिजेक्ट झालं" हे एजंट लोकांत पसरलं ते पुसायला वेळ लागला.

माहितीचा अर्ज २०१२ लाच जायला हवा होता, सोसायटी रजिस्टर झाली त्याच महिन्यात. तेव्हा बिल्डर सापडत होता, चौथ्या मजल्याचा दंड त्याच्या गळ्यात मारता आला असता. डीम्ड कन्व्हेयन्सचं पण तेच, कोणालाच विकायची घाई नसते तोपर्यंत त्या कामाला सेक्रेटरीशिवाय कोणी हात लावत नाही आणि मग ज्याला घाई असते तो एकटा पडतो.

भाव ठरवताना नव्या टॉवरचा सेलेबल रेट आपल्या जुन्या सेलेबलला लावणं हा अगदी सगळीकडे चालणारा घोळ आहे. कार्पेट मोजा, जवळपास अलीकडे झालेल्या दोन-तीन रजिस्टर्ड सौद्यांचे इंडेक्स टू नोंदणी खात्याच्या साइटवर बघा, आणि शक्य असेल तर विकायला काढायच्या आधीच पदरचे थोडे पैसे घालून बँकेच्या पॅनेलवरच्या एका व्हॅल्यूअरकडून रिपोर्ट करून घ्या. काकांनी हे केलं असतं तर ४५ चा आकडा डोक्यात बसलाच नसता आणि ३४ ऐकून झालेला मनस्ताप पण टळला असता.

एका निर्णयाबद्दल माझं अजून नक्की ठरत नाही. काकूंचं ऐकून ३४ ला दिलं असतं तर पाच लाख गेले असते, पण स्नेहाचे शेवटचे तीन-चार महिने आणि बाळ झाल्यानंतरचे पहिले महिने एकाच घरात गेले असते, वन आरके आणि बदलापूर अशी दोन घरं चालवावी लागली नसती. भाड्याचा आणि येण्याजाण्याचा खर्च वजा केला तर पाचाचे साडेतीन-चारच उरतात. अमोल म्हणतो केलं ते बरोबर, काकू अजून गप्प बसतात.

चौथ्या मजल्याची फाइल हे लिहीपर्यंत पालिकेत आहे. फायरच्या कागदाची एक त्रुटी निघाली होती ती भरून दिली, प्रीमियमचा आकडा अजून यायचाय, आणि त्या ताईंनी तो आकडा कळल्याशिवाय घर विकायला काढणार नाही असं सोसायटीला लेखी दिलंय. डीम्ड कन्व्हेयन्सची सुनावणी लागली आहे, जमीनमालकाच्या वारसांना नोटिसा गेल्यात, त्यातल्या दोघांचे पत्ते सापडत नव्हते म्हणून जाहीर नोटीस द्यावी लागली.